प्रॉक्सिमा महाबळेश्वरला आहे असं धर

वाळपईहून अकरावीतल्या एका मुलीचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: ‘सर, पृथ्वीसारखा राहण्यायोग्य ग्रह सापडला, अशी बातमी पेपरात सारखी येते. तिथे माणूस कधी जाणार? मी जिवंत असेपर्यंत जाता येणार नसेल, तर हे ग्रह शोधून उपयोग काय? घरचे म्हणतात, असल्या स्वप्नांत वेळ घालवू नको, बी.एस्सी. करून बी.एड. कर. मला मात्र रात्री वीज गेली आणि अंगणात बसलं की तिथेच जावंसं वाटतं.’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल. तुझ्या हयातीत माणूस तिथे जाणार नाही. तुझ्या नातवंडांच्या हयातीतही जाईल असं मला वाटत नाही. एकतीस वर्षं मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, आणि बरीच वर्षं फोंड्याजवळच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, दुर्बीण लावून याच ग्रहांची मोजमापं घेतोय. वरची दोन वाक्यं लिहिताना मला बरं वाटलं नाही. तुझ्याएवढा होतो तेव्हा मलाही जायचं होतं. पण ‘जाता येणार नाही’ इथून तू थेट ‘मग उपयोग काय’ इथे पोचलीस, ते मला पटत नाही. का पटत नाही ते सांगायचं तर आधी पेपरातल्या त्या बातमीत नेमकं काय असतं ते बघावं लागेल.

सगळा घोटाळा ‘राहण्यायोग्य’ या शब्दात आहे. तो वाचला की डोळ्यांसमोर अंगण, विहीर, माड उभे राहतात. खगोलशास्त्रात त्याचा अर्थ फार तोकडा आहे. प्रत्येक ताऱ्याभोवती एक पट्टा असतो. त्या पट्ट्यातल्या ग्रहावर, हवेचा दाब बेताचा असेल तर, पाणी द्रवरूपात टिकेल इतकंच ऊन पडतं. ग्रहावर पाणी आहे का, हवा आहे का, पाय ठेवायला जमीन आहे का, यातलं काहीही त्या शब्दात येत नाही. ऊन किती, एवढाच त्याचा अर्थ.

आणि नुसत्या उन्हावर काही ठरत नाही. पृथ्वीवर जेवढं ऊन पडतं तेवढ्यावर हिशेब मांडला तर आपलं सरासरी तापमान उणे १८ अंश येतं. प्रत्यक्षात ते १५ अंशांच्या आसपास आहे, कारण हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उष्णता धरून ठेवतात. हे पांघरूण काढून घेतलं तर मांडवी गोठून जाईल. तेच पांघरूण फार जाड झालं की काय होतं ते शुक्रावर दिसतं. शुक्र आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा, वजनाने पृथ्वीच्या चार-पंचमांश. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोवती तो सापडला असता तर ‘पृथ्वीची जुळी बहीण’ म्हणून पहिल्या पानावर आला असता. तिथे ४६० अंशांच्या वर तापमान आहे, शिसं वितळतं, आणि हवेचा दाब आपल्या नव्वद पट आहे.

बातमी येते त्या दिवशी शास्त्रज्ञांच्या हातात बहुतेक वेळा तीनच आकडे असतात: ग्रहाला ताऱ्याभोवती फिरायला किती दिवस लागतात, त्याचा आकार किंवा वजन (दोन्ही एकदम क्वचितच), आणि त्याच्यावर किती ऊन पडतं. बातमीसोबतचा निळा समुद्र, पांढरे ढग, क्षितिजावरचा तांबडा सूर्य हे सगळं चित्रकाराने काढलेलं असतं. ती चित्रं मलाही आवडतात. पण त्यांच्याखाली ‘कल्पनाचित्र’ हा शब्द बातमीच्या मथळ्याएवढ्या टायपात छापावा, असं माझं ठाम मत आहे. तुझ्यासारखी मुलं तो फोटो समजतात आणि पुढे खरं कळलं की हिरमुसतात. खरं तर जे हातात असतं तेच त्या चित्राहून थक्क करणारं आहे.

१९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ या दोन स्विस शास्त्रज्ञांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधला, तोही ग्रह न पाहता. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा ताराही ग्रहाच्या ओढीने किंचित डोलतो. आपल्याकडे येताना त्याचा प्रकाश वर्णपटात जरासा निळ्याकडे सरकतो, लांब जाताना तांबड्याकडे. या सरकण्यावरून ताऱ्याचा वेग निघतो आणि वेगावरून ग्रहाचं वजन. दोघांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा, ४.२४ प्रकाशवर्षांवर (प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष). त्याचा ग्रह २०१६ मध्ये याच रीतीने सापडला. त्या ग्रहामुळे तारा सेकंदाला सुमारे १.४ मीटर वेगाने मागेपुढे होतो. वाळपईच्या बाजारातून घरी चालत जाताना तुझा जो वेग असतो, तोच. ४० लाख कोटी किलोमीटरवरचा एक अख्खा तारा माणसाच्या चालीने हलतोय, हे आपण इथे बसून मोजलं. मला आजही हे वाक्य वर्गात बोलताना थांबावं लागतं.

दुसरी रीत अधिक्रमणाची. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो. ८ जून २००४ ला शुक्राचं अधिक्रमण झालं, तेव्हा आम्ही दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर घेतली होती. ढग होते. मध्येच वीसेक मिनिटं उघडीप मिळाली आणि पुठ्ठ्यावरच्या थाळीएवढ्या सूर्यावर मसुराच्या दाण्याएवढा काळा ठिपका दिसला. मुलं रांगेत होती, एकेक जण पुठ्ठ्यावर वाकून बघायचा आणि गप्प व्हायचा. त्या ठिपक्याने सूर्याचा हजारावा भाग झाकला होता. दूरच्या ताऱ्याच्या बाबतीत थाळीही दिसत नाही आणि ठिपकाही दिसत नाही. प्रकाशाचा एक बिंदू दिसतो, आणि तो ठरल्या वेळी जरासा मंदावतो.

ते मंदावणं मी स्वतः मोजलं ती गोष्ट सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. दसऱ्याच्या आसपास, पाऊस उघडला की, संध्याकाळी हंस आणि गरुड हे तारकासमूह डोक्यावर असतात. त्यांच्या मध्ये जंबुक नावाचा एक लहान समूह आहे. त्यात एचडी १८९७३३ असा नुसता नंबर असलेला तारा आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण लहान दुर्बिणीला सोपा. त्याच्याभोवती गुरूहून थोडा मोठा ग्रह फिरतो. दर सव्वादोन दिवसांनी समोरून जातो, पावणेदोन तासांहून थोडा जास्त वेळ ताऱ्यासमोर राहतो आणि तेवढ्यापुरता प्रकाश सुमारे २.४ टक्के कमी होतो. शंभर रुपयांतले दोन रुपये चाळीस पैसे. दर सव्वादोन दिवसांनी म्हटलं तरी ते गोव्यात रात्र असताना, तारा वर असताना आणि आभाळ स्वच्छ असताना व्हायला हवं. अख्ख्या हंगामात कामाच्या रात्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मिळतात.

पहिल्या वर्षी आठ इंची दुर्बीण सड्यावर नेली. चिऱ्याच्या उघड्या कातळावर तिवई नीट बसते, हलत नाही. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे फोटो काढत गेलो. प्रतिमा मुद्दाम थोडी धूसर ठेवतात, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश कॅमेऱ्याच्या पुष्कळ घरांत पसरतो आणि मोजमाप नेमकं येतं. नवशिक्याला हे उलटं वाटतं. रात्री नऊच्या सुमाराला, अगदी अपेक्षित वेळी, आकडे खाली यायला लागले. मी एकटाच होतो, आनंदाने ओरडलो. घरी येऊन पहाटेपर्यंत बसलो तेव्हा कळलं की घाईत मी एकट्या त्या ताऱ्याचेच आकडे मांडले होते. शेजारच्या ताऱ्याचे मांडून पाहिले, तर तोही तसाच घसरला होता. दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर दंव बसलं होतं. आपल्या हवेत ऑक्टोबरात ते बसणारच. म्हणून नेहमी शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्याशी भागाकार करायचा. ढग, दंव, धुकं दोघांवर सारखं येतं आणि भागाकारात निघून जातं. मी भागाकार केला आणि माझा ग्रह नाहीसा झाला, नुसते विस्कटलेले ठिपके उरले.

पुढच्या वर्षी काचेभोवती गरम पट्टी गुंडाळून पुन्हा गेलो. एका रात्री ढग आले, दुसरी रात्र मिळाली. चारशेच्या वर फोटो. या वेळी शेजारचा तारा सरळ रेषेत राहिला आणि आपला तारा वर्तवलेल्या वेळी, मिनिटा-दोन मिनिटांच्या फरकाने, खाली उतरला, तळाशी पसरला आणि पुन्हा वर चढला. पसरट वाटीसारखा तो आलेख अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तो तारा सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर आहे. मी मोजला तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. कोणीही न पाहिलेलं एक जग माझ्यासमोरून गेलं होतं आणि त्याची सावली सड्यावर, माझ्या कॅमेऱ्यात पडली होती. त्या रात्री ‘मला तिथे जायचंय’ ही जुनी इच्छा मेली नाही, पण तिची दिशा बदलली. तिकडून आपल्याकडे सतत काहीतरी येत असतं, हे मला तेव्हा हाताला लागलं.

आता पृथ्वीसारख्या ग्रहाकडे वळू. दुसऱ्या ताऱ्यावरून कोणी सूर्य बघत असेल, तर पृथ्वी समोरून जाताना त्यांना दहा लाखांत ८४ एवढीच घट दिसेल, वर्षातून एकदा, तेरा तास. तेही त्यांचा तारा नेमका पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीत असेल तरच. ती शक्यता दोनशेत एक. म्हणून नासाच्या केप्लर दुर्बिणीने २००९ पासून चार वर्षं एकाच तुकड्यातल्या दीड लाख ताऱ्यांकडे टक लावून पाहिलं. आज सूर्यमालेबाहेरच्या पक्क्या झालेल्या ग्रहांची संख्या ६ हजारांच्या वर आहे. मी बी.एस्सी.ला होतो तेव्हा ती शून्य होती. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याला ग्रह आहेत असं परीक्षेत लिहिलं असतं तर ‘पुरावा?’ असा शेरा मिळाला असता.

बातम्यांतले ‘राहण्यायोग्य’ ग्रह बहुतेक लाल बटूताऱ्यांभोवतीच का सापडतात, हे नीट लक्षात घे. मुख्य कारण, तिथे ते सापडायला सोपे. तारा लहान, त्यामुळे लहान ग्रहही त्याचा बराच भाग झाकतो. तारा थंड, त्यामुळे उबेचा पट्टा अगदी जवळ, आणि ग्रह काही दिवसांतच फेरी पुरी करतो. बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी चिलीत बसवलेल्या अवघ्या ६० सेंटीमीटरच्या दुर्बिणीने ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती ग्रह शोधायला सुरुवात केली आणि २०१७ पर्यंत सात पृथ्वीएवढे ग्रह हाती आले. तारा आकाराने गुरूपेक्षा थोडासाच मोठा, ४० प्रकाशवर्षांवर, कुंभ राशीत. सगळ्यात लांबच्या ग्रहाचं वर्ष जेमतेम एकोणीस दिवसांचं.

पण ताऱ्याच्या इतक्या जवळ राहण्याची किंमत असते. चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते, तशीच या ग्रहांची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे असते. एका बाजूला संपणारच नाही अशी दुपार, दुसऱ्या बाजूला संपणारच नाही अशी रात्र. शिवाय लाल बटूतारे तरुणपणी भारी आगपाखड करतात. प्रॉक्सिमावर आजही मोठमोठे स्फोट होताना पाहिले गेले आहेत, आणि अशा माऱ्यात ग्रहाची हवा टिकते का, हाच सध्याचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये ट्रॅपिस्टचा सर्वांत आतला ग्रह तपासला. दिवसाच्या बाजूला २३० अंशांच्या आसपास तापमान, आणि सांगण्यासारखी हवा नाही. दुसऱ्यावरही दाट हवा दिसली नाही. पट्ट्याच्या मध्यावर असलेल्या ‘ई’ ग्रहाचं काम चालू आहे. माझं सगळं लक्ष सध्या त्याच्याकडे आहे.

मग २०२५ च्या एप्रिलमध्ये गाजलेला के२-१८ बी हा ग्रह. १२४ प्रकाशवर्षांवर, सिंह राशीत, पृथ्वीच्या साडेआठ पटींहून थोडा जास्त वजनाचा. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने त्याच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्यासारख्या वायूच्या खुणा दिसल्याचं सांगितलं. हा वायू पृथ्वीवर मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव बनवतात. समुद्राच्या वाऱ्याला जो विशिष्ट वास येतो, त्यात त्याचा वाटा असतो. पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर उभी राहिलीस की तो तुझ्या नाकात असतो. पण त्यांच्याच हिशेबाने ती खूण योगायोगाने उमटण्याची शक्यता हजारात तीन होती, आणि शोध जाहीर करायला विज्ञानात याहून कितीतरी कडक कसोटी लावतात. इतर गटांनी तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा त्यांना ती खूण पक्की वाटली नाही. शिवाय त्या ग्रहावर हायड्रोजनच्या थराखाली समुद्र आहे की तो नुसता जाड वायूंनी वेढलेला ग्रह आहे, यावरही एकमत नाही. मला विचारशील तर मला ते अजून पटलेलं नाही. तरीही ते काम फार मोलाचं आहे. १२४ प्रकाशवर्षांवरच्या हवेत मिथेन आहे, याबद्दल आता कोणाला फारशी शंका नाही.

आता प्रवास. हे अंतर आकड्यांनी कळत नाही, म्हणून मी मुलांना मिरामारच्या वाळूत नेतो. एक मीटरची काठी आडवी ठेवायची. एका टोकाला सूर्य, नऊ मिलिमीटरचा, साधारण वाटाण्याएवढा. दुसऱ्या टोकाला पृथ्वी, वाळूच्या बारीकशा कणाएवढी. या मापाने माणूस आजवर जास्तीत जास्त लांब गेला तो चंद्रापाशी, म्हणजे पृथ्वीच्या कणापासून अडीच मिलिमीटर. अंतराळ स्थानकाचं नावच काढू नको. ते पणजीहून मुंबई सरळ रेषेत जितकी लांब तितकंच वर आहे, चारशे किलोमीटर, आणि या काठीवर ते दाखवताच येत नाही. माणसाने बनवलेली सर्वांत लांब पोचलेली वस्तू व्हॉयेजर-१, १९७७ साली सुटलेली. ती या काठीपासून एकशेसत्तर मीटरवर पोचली आहे. मुलं पळत जाऊन त्या जागी उभी राहतात आणि विचारतात, ‘सर, आता प्रॉक्सिमा कुठे?’ प्रॉक्सिमा महाबळेश्वरला. सरळ रेषेत मोजलं तर सुमारे २७० किलोमीटर. मग मी गप्प राहतो. मुलंही थोडा वेळ गप्पच असतात.

व्हॉयेजर सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने चालली आहे. तिचं तोंड प्रॉक्सिमाकडे नाही, पण असतं तरी तिला ७५ हजार वर्षं लागली असती. सर्वांत वेगवान यान पार्कर, २०२४ च्या डिसेंबरात सूर्याजवळून जाताना त्याचा वेग सेकंदाला १९० किलोमीटरच्या वर होता, तोही सूर्याच्या ओढीमुळे. त्या वेगानेसुद्धा साडेसहा हजार वर्षं.

‘मग वेग वाढवू’ असं तू म्हणशील. अकरावीला गतिज ऊर्जा शिकली असशील, वही घे. प्रकाशाच्या एक-दशांश वेग धर, म्हणजे सेकंदाला ३ कोटी मीटर. या वेगाने प्रॉक्सिमा ४२ वर्षांत येतो. एक किलो वजनाला एवढा वेग द्यायला वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन: ४५० लाख कोटी ज्यूल. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. भाग दिलास की साडेबारा कोटी युनिट येतील. महिन्याला अडीचशे युनिट जाळणारी चाळीस हजारांहून जास्त घरं एवढ्या विजेवर वर्षभर चालतील, आणि हे एका किलोसाठी. माणसं न्यायची तर शंभर टन तरी हवेत (अंतराळ स्थानकच चारशे टनांच्या वर आहे). शंभर टनांना साडेबारा लाख कोटी युनिट लागतील, म्हणजे अख्ख्या भारताची सुमारे सात वर्षांची वीज. पोचल्यावर थांबायला पुन्हा तेवढीच. यात इंधनाचं स्वतःचं वजन धरलेलं नाही, ते धरलं की आकडा आणखी कितीतरी वाढतो. वाटेत एक ग्रॅमचा खडा लागला तर शंभर टन टीएनटीएवढा स्फोट.

म्हणून २०१६ मध्ये गुंतवणूकदार युरी मिलनर आणि शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी मांडलेली ब्रेकथ्रू स्टारशॉटची कल्पना माणसांची नव्हतीच. काही ग्रॅमची चिप, तिला पातळ शीड, जमिनीवरून प्रचंड लेसरचा झोत, प्रकाशाच्या एक-पंचमांश वेग, वीस-बावीस वर्षांत प्रॉक्सिमा. थांबणं नाही, नुसतं बाजूने निघून जायचं आणि जमलं तर फोटो पाठवायचा. ती अजून कागदावरच आहे. माणसाच्या हयातीत घडू शकेल अशी हीच एक गोष्ट मला दिसते.

वेगाचा प्रश्न सुटला असं क्षणभर मानलं, तरी राहायचं कसं? यासाठी तुला परग्रहावर जावं लागत नाही, वास्कोला हेडलँड सडा इथे जा. तिथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून आपल्या अंटार्क्टिका मोहिमांचं काम चालतं. पहिली मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ ला गोव्यातूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर पोचली. आज तिथे मैत्री आणि भारती ही आपली दोन केंद्रं आहेत. अंटार्क्टिकावर श्वास घेता येतो. वजन इथल्यासारखंच लागतं. बर्फ वितळवला की पाणी मिळतं. सूर्यमालेबाहेर आजवर सापडलेल्या एकाही ग्रहावर या तिन्ही गोष्टी आहेत असं आपण खात्रीने सांगू शकत नाही. तरीही तिथे पीठ, डाळ, औषध, डिझेल, सगळं जहाजाने न्यावं लागतं, आणि हिवाळ्यात समुद्र गोठला की मागे राहिलेल्यांना महिनोन्‌महिने स्वतःच्या जिवावर राहावं लागतं. माणसं जातात, काम करतात आणि परत येतात. प्रॉक्सिमाला जाणाऱ्याला परत येणं नाही. अंतराळात सलग राहण्याचा विक्रम वालेरी पोल्याकोव्ह यांचा, १९९४-९५ मधले ४३७ दिवस, आणि तेही अधूनमधून पृथ्वीवरून सामान येत असताना.

आता ‘उपयोग काय’. याचं उत्तर मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून देणार नाही, माझंच देतो. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. त्या हवेत जे वायू असतील ते आपापल्या रंगाचा प्रकाश गिळतात. उरलेला प्रकाश ४० किंवा १२४ वर्षं प्रवास करून आपल्या आरशावर पडतो. तू जायचं म्हणतेस, तो प्रवास उलट्या दिशेने रोज रात्री चालू आहे. तिथल्या हवेचा नमुना कोणतंही यान न पाठवता आपल्या दारात येतोय, आपण तो उचलायला शिकतोय इतकंच. एखाद्या ग्रहाच्या हवेत ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र सापडले, तर काहीतरी ते सतत तयार करतंय असं म्हणावं लागेल, कारण नुसते सोडले तर ते एकमेकांना संपवतात. ती ओळ वर्णपटात उमटेल तेव्हा ती वाचणारं कोणीतरी असावं लागेल. माझ्या वयाचा हिशेब केला तर तो माणूस मी नसेन. तू असू शकतेस.

घरच्यांचं म्हणणं झिडकारू नको. बी.एस्सी. तर लागतेच, आणि शिक्षकी हे माझंच आयुष्य आहे, मला त्याबद्दल एक क्षणही खंत नाही. पण बारावीनंतर आयसर या विज्ञान शिकवणाऱ्या राष्ट्रीय संस्थांची प्रवेश परीक्षा जरूर दे, पुण्याचं आयसर गोव्यापासून एका रात्रीच्या बसवर आहे. तिथे नाही जमलं तर इथेच भौतिकशास्त्रात बी.एस्सी., मग एम.एस्सी., आणि नंतर पुण्याचं आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र, बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा असे रस्ते उघडतात. अहमदाबादच्या लोकांनी माउंट अबूच्या गुरुशिखरावर ताऱ्याचं डोलणं मोजणारं पारस नावाचं उपकरण बसवलं आणि २०१८ मध्ये त्यावर सुमारे सहाशे प्रकाशवर्षांवरचा, २७ पृथ्व्यांच्या वजनाचा एक ग्रह पक्का केला. एका ताऱ्याचं नाव तर भारताने ठेवलेलं आहे. २०१९ मध्ये एचडी ८६०८१ ला वैज्ञानिक बिभा चौधरी यांच्यावरून ‘बिभा’ हे नाव मिळालं आणि त्याच्या ग्रहाला ‘संतमस’. घरच्यांना हे दाखव. मुलीचं नाव आकाशात लागू शकतं, हे त्यांना पेपरातल्या ‘दुसऱ्या पृथ्वी’पेक्षा लवकर समजेल.

आणि बारावीपर्यंत थांबूही नको. केप्लर आणि टेस या दोन्ही दुर्बिणींचे आकडे इंटरनेटवर फुकट आहेत. पायथॉन ही संगणकाची भाषा शिक, कॉलेजच्या संगणकावर एक आलेख काढ. २०१२ मध्ये चार ताऱ्यांच्या एका कुटुंबातला ग्रह असे आलेख डोळ्यांनी चाळणाऱ्या हौशी लोकांनी शोधला होता. अधिक्रमणाच्या वेळा हौशींकडून गोळा करणारा एक्सोक्लॉक हा युरोपचा प्रकल्प आहे, पुढे अंतराळात जाणाऱ्या एरियल दुर्बिणीला ग्रह नेमका कधी समोरून जाईल हे ठाऊक असावं म्हणून. सड्यावरून घेतलेली मापं तिथे चालतात. वाळपईच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला, तुझ्याकडे जो काळोख आहे तो माझ्याकडे फोंड्याला आता उरलेला नाही. किनाऱ्यावर तर विचारूच नको. तो काळोख ही तुझी खरी मालमत्ता आहे. गावात नवे दिवे लावायचे ठरले तर त्यांना वरून झाकण असावं, एवढं पंचायतीला सांगायला लाजू नको.

दसऱ्यानंतर पाऊस उघडला की एचडी १८९७३३ च्या सोयीच्या रात्री कोणत्या ते मी काढून ठेवतो. आईबाबांना घेऊन ये, परत जायला रात्रीचे अकरा होतील. डोक्याला टोपी आण, सड्यावर दंव पडतं. पहिले दोन तास आलेखात काहीच दिसत नाही, सरळ रेष असते, मुलं कंटाळतात. तेव्हा उठून जाऊ नको.